बाबांची शुगर

माझी चुलत बहीण माझ्याहून थोडी लहान. एकाच अंगणाला तोंड करून दोन घरं, अलीकडे आमचं, पलीकडे काकांचं. लहानपणी आम्हा दोघींना एकाच ताग्यातले फ्रॉक शिवत. कापड तेच, शिंपी तोच, तरी मला तिचा फ्रॉक जास्त चांगला दिसायचा. आई म्हणायची, ही पोट्टी आपल्या ताटात कमी आणि दुसऱ्याच्या ताटात जास्त पाहते. खोटं नव्हतं. काही माणसं जन्मतःच डावखुरी असतात, तशी मी जळकी आहे.

फ्रॉकवरून जळले, तिच्या लांब केसांवरून जळले, काकूच्या हाताच्या भाजीवरून जळले. एक अभ्यास तेवढा माझ्या बाजूला होता. पहिलीपासून माझा नंबर वर, तिचा खाली, आणि त्यामुळे मला रात्री शांत झोप लागायची. पण ज्या गोष्टीवरून मी तिच्यावर सगळ्यात जास्त जळले, ती ऐकली तर लोक तोंडात बोटं घालतील. तिचा बाप मेला होता आणि माझा जिवंत होता, यावरून मी जळले.

तिचा बाप म्हणजे माझाच काका. मला खांद्यावर बसवून आसेगावच्या बाजारात नेणारा. बाबा आणि काका दोघेही मिस्त्री, कामं जोडीनं घ्यायचे. आम्ही दोघी दहावीत होतो तेव्हाची गोष्ट. मंगरूळपीरला एका घराचं काम चालू होतं आणि सकाळी दोघे एकाच मोटारसायकलवरून निघाले. काका चालवत होते, बाबा मागे थापी-ओळंब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. नाल्यावरच्या पुलाजवळ ट्रॅक्टरनं दाबलं. काका जागीच गेले. बाबा उडून शेजारच्या सोयाबीनमध्ये पडले आणि त्यांना खरचटलंही नाही. काकांच्या पुण्यानुमोदनाला आलेला प्रत्येक माणूस काकूसमोर रडायचा आणि जाताना बाबांच्या पाठीवर थाप मारून नशीबवान म्हणायचा.

त्या वर्षी तिचे दहावीचे मार्क पडले. माझे पडले नाहीत, मी शाळेत पहिली आले. शाळेनं माझा सत्कार ठेवला, हार घातला, आणि मुख्याध्यापक भाषणाला उभे राहिले ते तिच्यावरच बोलले. बापाचं छत्र हरवूनही ही मुलगी परीक्षेला बसली, पास झाली, हेच खरं यश. सगळा हॉल तिच्याकडे वळून पाहत होता. मी हार घालून स्टेजवर उभी होते आणि हाराची फुलं मानेला टोचत होती. तिला मार्क नव्हते तरी टाळ्या तिलाच मिळाल्या.

बाबांचं जे बिघडलं ते एका दिवसात बिघडलं नाही. तसं झालं असतं तर त्याची तारीख सांगता आली असती. काका गेल्यावर ते काही महिने कामावर जात होते. मग एका ठिकाणी त्यांनी उभी केलेली भिंत ओळंब्याबाहेर, तिरकी गेली. घरमालकानं दाखवली तर ते भिंतीकडे पाहत नुसते उभे राहिले. पुढे थापी हातात घेऊन तासन्‌तास बसून राहायचे. झोप गेली, बोलणं गेलं. आणि मी अकरावीत असताना ते घरातून उठून चालत त्या पुलापर्यंत जायला लागले. पुलाच्या कठड्यावर बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे असे पाहायचे की पाहणाऱ्यानं धावत जाऊन त्यांचा हात धरावा.

आईनं त्यांना अकोल्याला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. मी सोबत होते. मंगरूळपीर-वाशीमला डॉक्टर नव्हते असं नाही, पण तिथं ओळखीचं माणूस भेटलं असतं. परतीच्या एसटीत आईनं गोळ्यांची पिशवी पदराखाली धरली आणि मला बजावलं.

"कोणी इचारलं तं शुगर सांगजो. शुगर कोणालेबी होते. डोक्याचं सांगतलं तं तुह्यासंग लगन कोन करीन?"

तेव्हापासून आमच्या घरी शुगर आली. शुगरइतका कामाचा आजार मी दुसरा पाहिला नाही. बाबा पुलापर्यंत चालत जातात, कारण डॉक्टरनं चालायला सांगितलं आहे. कामावर जात नाहीत, कारण शुगरनं अशक्तपणा येतो. बोलत नाहीत, चिडतात, अकोल्याला जावं लागतं, गोळ्या चालू आहेत, सगळ्याला एकच उत्तर. नातेवाईक जांभळाच्या बियांची पूड घेऊन यायचे. शेजारची म्हातारी रोज सकाळी कारल्याचा रस आणून समोर उभी राहायची आणि पेला रिकामा झाल्याशिवाय हलायची नाही. बाबा निमूटपणे प्यायचे. पाहुण्यांसमोर त्यांना बिनसाखरेचा चहा मिळायचा, तोही प्यायचे. या नाटकात आपलं काम काय आहे हे त्यांना कळत होतं का, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

आई निंदण-खुरपणीला जायची. बाबांना एकटं सोडता येत नव्हतं. म्हणून मी घरी. अकरावी-बारावीची दोन वर्षं कॉलेजात माझं नाव होतं आणि दारात मी होते. पुस्तक मांडीवर, एक डोळा ओळीवर, एक डोळा बाबांच्या चपलांवर. चपला दिसल्या नाहीत की पुस्तक टाकून पुलाकडे पळायचं. समोरच्या घरात माझी बहीण रोज वेणी घालून कॉलेजला जायची. काकूला अंगणवाडीत मदतनिसाचं काम मिळालं होतं, घर मार्गी लागलं होतं. बारावीचा निकाल लागला तेव्हा तिला ब्याऐंशी टक्के आणि मला एकसष्ट. काकूनं गल्लीत पेढे वाटले. आमच्या घरी तिनं दोन पेढे जास्त ठेवले आणि त्या दोन जास्तीच्या पेढ्यांनीच मला जास्त झोंबलं.

वाशीमची एक ताई गावोगावच्या मुलींना चांगल्या कॉलेजांचे अर्ज भरायला मदत करायची. एका छोट्या संस्थेत कामाला होती. ती आमच्या कॉलेजात आली आणि तिनं पुण्याकडच्या एका निवासी विद्यापीठाची माहिती सांगितली. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट, पण जागा मोजक्या आणि अर्ज देशभरातून. नुसते मार्क पाहत नाहीत, म्हणाली. निबंध असतो, घरी फोन करतात, मग मुलाखत. आणि अर्जात एक चौकट असते: तुमच्या गुणांवर घरच्या कुठल्या परिस्थितीचा परिणाम झाला असेल तर इथं लिहा.

ते वाक्य ऐकलं आणि वाटलं, ही चौकट माझ्यासाठीच आखली आहे. मला तिथं जायचं होतं. दुसरं काही नको होतं. एकसष्ट टक्क्यांवर मला घेऊ शकणारं, दारातून उठवून नेऊ शकणारं तेवढं एकच ठिकाण जगात होतं. नाहीतर पुढची काही वर्षंही त्या चपलांवरच लक्ष ठेवत जाणार होती, आणि नंतर लगन.

अर्ज आम्ही दोघींनी भरला. ताई म्हणाली, आधी मराठीत लिहा, मग आपण बघू. बहिणीनं एका बैठकीत लिहून टाकलं. तो सकाळचा प्रसंग, थापी-ओळंब्याची पिशवी, दहावीत पडलेले मार्क, मग काकू कामाला लागली, मग ती स्वतः कशी उठून अभ्यासाला बसली. ताईनं वाचलं आणि डोळे पुसत म्हणाली, किती सुंदर. तिचे मार्कही सुंदर होते, आधी पडलेले, मग चढलेले. पाहणाऱ्याला एका नजरेत कळावं. माझे आधी वर आणि मग खाली, आणि खालीच.

मी लिहिलं होतं: घरी थोडी अडचण असल्यामुळे अभ्यासाला वेळ मिळाला नाही. ताईनं विचारलं, अडचण म्हणजे नेमकी काय? मी म्हटलं, वडिलांना शुगर आहे. ती म्हणाली, अगं, शुगर तर माझ्या बाबांनाही आहे.

त्या संध्याकाळी अंगणात बहीण शेंगा निवडत बसली होती. तिला सगळं माहीत होतं, एका अंगणात काय लपणार? ती म्हणाली, खरं लिहून टाक. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुह्यासारखं असतं तं मीबी लिहिलं असतं."

"माह्यासारखं म्हणजे?"

"तुहा बाप मेला. सरळ हाय तुह्यं. कोणीबी इचारो, सांगता येते."

तिनं मान वर केली नाही. हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले, मग म्हणाली, "घेतं काय बदलून?" आणि पुढची शेंग घेतली.

मी उठून घरात आले. वाईट वाटलं का? वाटलं, पण राग त्याहून मोठा होता. तिच्याकडे दुःखसुद्धा चांगल्या प्रतीचं होतं आणि वर उत्तरही तयार होतं. त्याच रागात मी बसले आणि सगळं लिहिलं. पूल, चपला, अकोला, गोळ्यांची नावं. शुगर खोटी आहे हेही लिहिलं. आईला सांगितलं नाही. ताईनं वाचलं, डोळे पुसले नाहीत, पण म्हणाली, आता कळलं. अर्ज गेला.

फोन आला त्या दिवशी मी वाशीमला जात पडताळणीच्या ऑफिसात होते. तिथली रांग मारुतीच्या शेपटासारखी, मोबाईल बॅगेत. संध्याकाळी काळीपिवळी जीपमधून उतरून घरी आले तर घरात तुपाचा वास. आईनं शिरा केला होता. बाबांनाही वाटीभर दिला होता, पुढचं दार लोटून. मी विचारलं, आज काय विशेष? आईचा चेहरा इतका उजळलेला मी काका गेल्यापासून पाहिला नव्हता. म्हणाली, पुण्याचं स्थळ आलं. मुलगा विद्यापीठात आहे.

मी बॅगेतून मोबाईल काढला, त्यावर पुण्याचे मिस्ड कॉल होते.

हळूहळू सगळं काढून घेतलं. आईच्या फोनवर एक माणूस बोलला, फार शुद्ध बोलणं. विद्यापीठातून बोलतो म्हणाला, तुमच्या मुलीबद्दल थोडी माहिती हवी आहे म्हणाला. घरी कोण कोण असतं, वडील काय करतात, त्यांची तब्येत कशी असते, घरात कोणाला काही आजारपण आहे का, मुलगी घरी काय काय काम करते. आता अठरा वर्षांच्या पोरीबद्दल परका माणूस हे सगळं विचारतो, तर आमच्याकडे त्याचा अर्थ एकच होतो. आईनं तो घेतला. आणि मग आयुष्यात कधी बोलली नव्हती इतकं छान बोलली. घर खाऊन-पिऊन सुखी आहे. मुलीचे वडील नावाजलेले मिस्त्री, तब्येत ठणठणीत, थोडीशी शुगर आहे, ती काय आजकाल सगळ्यांनाच असते. घरात कोणाला काही नाही, सासरच्या-माहेरच्या सात पिढ्यांत नाही. मुलगी घरकामात वाघ.

शेवटी त्या माणसानं विचारलं होतं, मग बारावीत तिचे मार्क इतके कमी कसे झाले? आई म्हणाली, हा प्रश्न ऐकून तिला जरा भीती वाटली, मुलाकडच्यांना जास्त शिकलेली हवी की काय. पण तिनं सावरून घेतलं.

"म्या सांगतलं, शिकाचं तिले काई एवढं येड नाई. जठी द्यान तठी ऱ्हाईन."

मी अशी ओरडले की गल्ली जागी झाली. आईला काही कळेना. जेव्हा कळलं, तेव्हा ती चुलीपाशी जाऊन बसली आणि पाठ फिरवून म्हणाली, मला काय माहीत कॉलेज घरी फोन करतं म्हणून? आजवर कोणत्या कॉलेजनं कोणाच्या बापाची तब्येत विचारली? तो शिरा दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना घातला.

काकूलाही तोच फोन आला होता. काकूनं अथपासून इतिपर्यंत सांगितलं, कुठं थांबायचं, कुठं आवंढा गिळायचा, सगळं जागच्या जागी. तिला सवय झाली होती. तहसीलमध्ये, बँकेत, विम्यात, प्रत्येक टेबलावर तिनं ते सांगितलं होतं आणि सांगितल्याशिवाय कागद हलला नव्हता. काकूला सांगून सांगून जगावं लागलं आणि माझ्या आईला लपवून लपवून. आता हे कळतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की या अंगणात आया वाटतानासुद्धा माझ्या वाट्याला चुकीची आली.

ताईनं विद्यापीठात फोन केला, गैरसमज झाला आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मुलाखतीला आईंनाही आणा, आम्ही प्रत्यक्ष बोलतो. मुलाखत संगणकावर, वाशीमच्या संस्थेच्या खोलीत. आधी माझी, मग बहिणीची. काकूला अंगणवाडीतून सुट्टी मिळाली नाही, बाबांना घरी कोणापाशी ठेवावं हा प्रश्न आला, म्हणून आम्ही चौघं निघालो. एसटीत पुलावरून जाताना बाबांनी डोळे मिटले. बहीण त्यांच्या शेजारी बसली होती, तिनंही मिटले. मी मात्र निबंध पाठ करत होते.

खोलीला मध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडे बहीण थांबली. अलीकडे मी आणि आई संगणकासमोर, बाबा दाराजवळच्या खुर्चीवर. पडद्यावर एक मॅडम आणि एक सर. मला चार-पाच प्रश्न विचारले, मी नीट उत्तरं दिली. मग सर आईकडे वळले. अगदी आदरानं म्हणाले, ताई, मुलीनं लिहिलंय की वडिलांना मानसिक आजार आहे, तुम्ही फोनवर वेगळं सांगितलं होतं. काही हरकत नाही, आता सांगा.

घरून निघताना आईनं मला शब्द दिला होता. खरं सांगते म्हणाली होती. पण समोर परका पुरुष, शुद्ध बोलणारा, आणि मागे नवरा बसलेला. तिनं पदर नीट केला.

"थोडी शुगरच हाय त्याइले," ती म्हणाली.

सगळं संपलं, असं मला स्पष्ट कळलं. आईचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता आणि नंतर कधी आला नाही. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. प्लायवूडच्या पलीकडे बहीण बसली आहे, तिची पाळी आली की ती ते सरळ, स्वच्छ, सगळ्यांना कळणारं सांगेल आणि निघून जाईल, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा उठून आमच्या मागे येऊन उभे राहिले. संगणकाकडे कसं पाहायचं ते त्यांना माहीत नव्हतं, ते त्याच्या थोडं वर, भिंतीकडे पाहत बोलले.

"शुगर नाई मले. कधीच नव्हती. मले डोक्याचं हाय. भाऊ माह्यासमोर गेला, तवापासून डोकं चालत नाई. हिची माय कामाले जाते तं पोरगी माह्यावर पहारा देते. तिचे मार्क माह्यापाई गेले. पोरीत खोट नाई."

दोन वर्षांत ते एका दमात इतकं बोलले नव्हते. सरांनी हळूच विचारलं, औषधं घेता का? बाबा म्हणाले, घेतो, आणि कारल्याचा रसही घेतो. पडद्यावरची दोघं क्षणभर हसावं की नाही या विचारात पडली. बाबा जाऊन पुन्हा खुर्चीवर बसले. आई पदर तोंडावर धरून रडत होती. मी रडले नाही. मला आत कुठंतरी एकदम ताठ वाटलं, सत्काराच्या दिवशी वाटायला हवं होतं तसं.

मग बहिणीला बोलावलं. आम्ही पार्टिशनच्या पलीकडे बसलो. तिकडचं सगळं इकडे ऐकू येत होतं, म्हणजे इकडचंही तिकडे गेलं असणार. त्यांनी तिला विचारलं, वडिलांबद्दल सांग. मी वाट पाहत होते. पिशवीपासून सुरुवात करेल, मला ते आता तोंडपाठ होतं. आतून काहीच आवाज येईना. मॅडमनी परत विचारलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, अर्जात लिहिलंय. पुढच्या प्रश्नांनाही ती हो-नाहीमध्येच उत्तरं देत राहिली. ताई दारात उभी राहून हातानं खुणा करत होती, बोल, बोल. ती बोलली नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मी विचारलं, काहून गप्प राह्यली? म्हणाली, सांगायचं मनात होतं, पण मोठे बाबा, म्हणजे माझे बाबा, बोलल्यावर ते सगळं पाठ केल्यासारखं वाटायला लागलं. एवढंच.

निकाल ताईच्या फोनवर आला. माझं नाव यादीत होतं. तिचं प्रतीक्षा यादीत, आणि ती यादी पुढे सरकलीच नाही. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, माझी निवड झाली याचा झाला, आणि तिची झाली नाही याचाही थोडा झाला. तिनं अंगण ओलांडून येऊन माझं अभिनंदन केलं, आईच्या पाया पडली, चहा घेतला. मग काही दिवस ती आमच्या बाजूला फिरकली नाही. नळावर आली तरी पाणी भरून सरळ जायची. मी ओळखलं. जळणाऱ्या माणसाला दुसरं जळणारं माणूस दुरून कळतं. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर जळत होती आणि मी त्या दिवसांत फार गोड वागत होते, काकूसारखी, वरून दोन पेढे जास्त देणाऱ्यांसारखी.

माझं जायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला की दुपारी बाबांपाशी कोण बसणार. तिनं मंगरूळपीरला बीएस्सीला प्रवेश घेतला होता, कॉलेज सकाळचं. ती आपणहून म्हणाली, मी बसीन. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. मला सुटल्यासारखं झालं, बाकी काही वाटलं नाही.

इथं येऊन आता मला दुसरं वर्ष आहे. जागा सुंदर आहे, ग्रंथालयात रात्री उशिरापर्यंत दिवे असतात, कोणाच्या चपलांवर लक्ष ठेवावं लागत नाही. इथल्या पोरी इंग्रजी फाडफाड बोलतात, त्यांच्यावर मी जळतेच, पण ते रोजचं झालं. खरं जळणं घरून येतं, फोनवरून. आई सांगते, बाबा आता बरे आहेत. पुलापर्यंत जातात, पण बहिणीसोबत जातात. दोघं कठड्यावर बसतात आणि परत येतात. अकोल्यालाही तीच नेते. लोकांनी विचारलं तर ती स्वच्छ सांगते, डोक्याच्या डॉक्टरकडे नेते म्हणून, आणि आई आता तिला अडवत नाही. आणि बाबा तिच्याशी बोलतात. मी दोन वर्षं त्यांच्यासमोर पुस्तक घेऊन बसले होते, मला त्यांनी कधी वेळसुद्धा विचारली नव्हती.

गेल्या वर्षी दिवाळीत गेले तेव्हा कळलं की त्यांनी तिला त्या सकाळचं सगळं सांगितलं. गाडीवर काका शेवटचं काय बोलत होते, तेसुद्धा. मी तिला विचारलं, काय बोलत होते? माझा काका होता तो, मला विचारायचा हक्क होता. ती केस विंचरत होती. हात थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही.

"ते माह्यं हाय," ती म्हणाली.

बाबांनाही मी विचारलं. ते नुसते हसले आणि माझ्या कॉलेजात जेवण बरं असतं का ते विचारलं, पाहुण्याला विचारतात तसं.

परवा दुपारी आईला फोन केला. बोलता बोलता मागून बाबांचा आवाज आला. पोरगी आली काय, कवाची गेली, असं काहीतरी विचारत होते. मी आईला म्हटलं, त्यांना फोन दे, मी बोलते, सांग मी दिवाळीला येते म्हणून. आई बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज लहान करून बोलली.

"तुह्यं नाई वं. तिचं इचारते. कॉलेजातून याले उशीर झाला आज तिले."

मी बरं म्हटलं. मग आईनं विचारलं जेवलीस का, मी म्हटलं आता मेसलाच चालले आहे, आणि फोन ठेवला.